शेठने विकले, बाबांनी उतरवले

माझ्या टायपिंगचा वेग चांगला होता, हे मी अजूनही कुणी विचारलं नसताना सांगते. त्याच्याच जोरावर १९९८ साली मला रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ एका शेअर दलालाकडे नोकरी लागली. हापिस म्हणजे कापडाच्या दुकानावरची एक खोली, दोन संगणक, एक पंखा आणि गच्चीवर उपग्रहाकडे तोंड केलेली भली मोठी तबकडी. त्या तबकडीतून मुंबईचा बाजार आमच्या खोलीत यायचा. पावसाळ्यात तो अधूनमधून यायचा नाही, आणि तबकडीवर कावळा बसला तरी यायचा नाही असं मालकांचं ठाम मत होतं. कावळा हाकलायला ते स्वतः काठी घेऊन गच्चीवर जात. गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून देई, मी ते संगणकात घालत असे आणि मुंबईत कुठेतरी सौदा होई. आपण बोट दाबलं की मुंबई हलते, असा मला तेव्हा थोडा माज होता.

त्याच वर्षी माझं लग्न झालं, तेही आंब्याच्या घरात. आरे-वाऱ्याच्या रस्त्याला, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सासऱ्यांची बाग होती. नवरा मुंबईत नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. मी रोज सकाळच्या एसटीने रत्नागिरीला जायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायची. सासऱ्यांना मी बाबा म्हणत असे. मला बघायला आले तेव्हा मुलगी दलालाकडे कामाला आहे हे ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "पट्टी वेळेवर देतो का?" पट्टी म्हणजे वाशीचा आंब्याचा दलाल माल विकून जो हिशोबाचा कागद पाठवतो तो. दुसरा कुठला दलाल जगात असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी म्हटलं, देतो. लग्न ठरलं.

बाबा बोलायला कमी. गावात त्यांच्या शब्दापेक्षा त्यांच्या हातोडीला मान होता. तेव्हा आंबा लाकडी पेट्यांतून जायचा आणि पेटीला खिळे ठोकल्याचा आवाज सड्यावर लांबवर जायचा. आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवावा, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण झाडावरचा आंबा चौदा आणे झाला की अजून बाराच आहे, हे खालून बघून सांगणारा माणूस गावात एकच, आमचे बाबा. त्यामुळे आमच्या पडवीत पहिला खिळा ठोकला गेला की दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता अख्ख्या वाडीतले आंबे उतरवायचे झेले बाहेर निघत. कुणी येऊन विचारायचं नाही, यांनी सांगायचं नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं होतं.

मी घरात आले त्या पावसाळ्यात बाबांनी एक धाडस केलं होतं. बागेच्या वर नुसता कातळ होता. तो सुरुंग लावून फोडला, खड्ड्यांत खालून माती आणून भरली आणि एकशेवीस कलमं लावली. विहीर मात्र खाली, बागेच्या पायथ्याशी. पहिला उन्हाळा बाबांनी आणि गड्याने कावडीने पाणी वाहून काढला. त्या उन्हाळ्यात बाबांच्या खांद्यावर घट्टा पडला, आणि सासूबाई रोज रात्री त्यावर तेल चोळताना कलमांचा उद्धार करत. गड्याने पुढच्या वर्षी कावड धरणार नाही असं हात जोडून सांगितलं. दुसरा उन्हाळा पाइपाशिवाय निभणार नव्हता. कातळ तापला की कलम दोन दिवसांत मान टाकतं, आणि दोन वर्षं पोसलेलं कलम गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या मोसमाच्या पट्टीतून बाबांनी पाइपाचे पैसे बाजूला काढून ठेवले. पाइप फेब्रुवारीत घालायचा असं ठरलं.

आता यात मी कुठे आले ते सांगते, आणि सांगायला मला अजूनही लाज वाटते.

आमच्या हापिसात रोज बसणारी चार-पाच मंडळी होती. दोन निवृत्त मास्तर, एक औषधाच्या दुकानाचे मालक, एक कुठल्याशा कचेरीतून जेवणाच्या सुट्टीत येणारे साहेब, ज्यांची सुट्टी तीन वाजेपर्यंत चाले. या सगळ्यांचं दैवत एकच, मुंबईचा एक मोठा गुंतवणूकदार. त्याचं नाव घ्यायचंही कुणाला कारण पडत नसे, नुसतं 'शेठ' म्हटलं की पुरे. शेठने अमक्या कंपनीचे शेअर घेतले असं पेपरात आलं की माझ्या टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग. कंपनी साबण करते की सायकली, याची चौकशी कुणी करत नसे. "शेठला ठाऊक असेल" म्हणून सगळे घेत, सगळे घेत म्हणून भाव चढे, आणि भाव चढला की मास्तर माझ्याकडे बघून म्हणत, "बघितलंस? शेठ कधी चुकत नाही." हे गणित मास्तरांनी वर्गात कुणा पोराला करू दिलं नसतं.

मीही त्यातलीच. रात्री जेवताना शेठच्या गोष्टी रंगवून सांगायची. घरात नवी होते, छाप पाडायची हौस होती. बाबा ताटाकडे बघत ऐकायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तो स्वतःच्या पैशाने घेतो ना?"

"स्वतःच्याच."

"आणि गेल्या चार वर्षांत?"

"चढलेलंच आहे सगळं."

बाबांनी भातावर आमटी घेतली. "मग पाइपाचे पैसे फेब्रुवारीपर्यंत नुसते कपाटात कशाला ठेवायचे?"

सासूबाई तव्याशी होत्या, तिथूनच म्हणाल्या, "पाइप घ्या आधी. पाइप डोळ्यांना दिसतो तरी." पण त्यांच्याकडे लक्ष देण्याची त्या घरात पद्धत नव्हती, आणि मीही ती पद्धत लवकर उचलली. दुसऱ्या दिवशी शेठच्या एका लाडक्या कंपनीचे तीनशे शेअर मी बाबांच्या नावावर घेतले. बटण मीच दाबलं.

दिवाळी झाली, संक्रांत झाली, भाव चढतच होता. रोज एक वाजता हापिसात घरून फोन यायचा. "काय गो, आज कितीला?" मी आकडा सांगायची. बाबा "बरं" म्हणून ठेवायचे, पण त्या 'बरं'ला चव होती. एकशेवीस कलमांपुरता लागणारा पाइप हळूहळू दोनशे कलमांचा झाला आणि पुढे त्याला नवा पंपही जोडला गेला, सगळा तोंडीच.

मग फेब्रुवारीत एक दिवस बाजार उघडला तोच कुजबूज घेऊन. शेठ विकतोय.

आमच्या पडद्यावर डावीकडे घेणारे दिसत आणि उजवीकडे विकणारे. घेणाऱ्यांच्या ओळी एकाखाली एक, वरच्या ओळीत सगळ्यात जास्त भाव देणारा, खाली त्याहून कमी देणारा. थोडा माल विकायला आला तर वरचा माणूस तो घेतो आणि भाव जागच्या जागी राहतो. पण कुणी गाडीभर माल ओतला की वरची ओळ संपते, मग दुसरी, मग तिसरी, आणि जिथे जाऊन माल संपेल तो त्या क्षणाचा भाव. शेठचा माल गाडीभर कसला, जहाजभर होता. तोवर शेठ विकतोय हे कळून उजवीकडे देशभरातले विकणारे येऊन उभे राहिले, आणि डावीकडे कुणी उभं राहायला तयार होईना. एका दिवसात भाव किती पडू द्यायचा याला मर्यादा असते. ती मर्यादा सव्वाअकरालाच गाठली गेली. डावी बाजू कोरी. मास्तर खुर्चीत बसल्या जागी घाम पुसत होते आणि पंखा पाचवर होता.

त्याआधी, घेणारे अजून शिल्लक असताना, मी घरी फोन केला होता. "बाबा, शेठ विकतोय. विकू का?"

पलीकडून बाबा शांतपणे म्हणाले, "मोठा बागायतदार उतरवायला लागला की आवक वाढते. आवक वाढली की भाव पडतो. चार दिवस थांबलं की आवक ओसरते, भाव येतो. त्यात घाबरण्यासारखं काय?"

"बाबा, हा आंबा नाही."

"तेच सांगतोय. आंबा आढीत सडतो म्हणून घाई करावी लागते. तुझा कागद थोडाच सडतो? राहू दे."

मला तेव्हा हे बोलणं इतकं पटलं की मी ते हापिसात सगळ्यांना सांगितलं. औषधवाले म्हणाले, "सासरा हुशार हो तुमचा."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी पेपरात एक छोटी बातमी आली. शेठने म्हणे कुटुंबासाठी मोठं घर घेतलं होतं आणि त्याचे पैसे चुकते करायला शेअर विकले, कंपनीत वाईट काही नाही. मी ती मोठ्याने वाचली. अख्खी खोली हसली. "घर घ्यायला विकले! हे सांगायचं आणि आम्ही ऐकायचं!" साहेब म्हणाले, "एवढी सारवासारव करतोय म्हणजे आत नक्कीच मोठी भानगड आहे." खरं कारण कळल्यावर भाव सावरायला हवा होता. तो त्या दिवशी आणखी पडला.

महिनाभरात बाबांच्या तीनशे शेअरांची किंमत तिसऱ्या हिश्शावर आली. एक वाजताचा फोन बंद झाला. घरी कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, सासूबाईंनीसुद्धा नाही, आणि तेच मला सोसेना. बोलल्या असत्या तर मी निदान रडले असते.

इकडे ऊन चढलं. कातळावरच्या कलमांची पानं दुपारी गुंडाळायला लागली. बाबा पहाटे उठून एकटेच कावड वाहत होते, पण साठीच्या माणसाच्या खांद्याने एकशेवीस कलमं जगत नाहीत. मार्चच्या मध्याला त्यांनी ठरवलं. पडलेल्या भावात शेअर विकायचे नाहीत, त्यापेक्षा सहा झाडांचा आंबा उतरवायचा. तो बारा आणेसुद्धा तयार नव्हता, पण मोसमाच्या सुरुवातीला वाशीला भाव चांगला असतो. साठ-सत्तर पेट्या गेल्या की पाइपाचे पैसे उभे राहत होते. उभ्या जन्मात त्यांनी कोवळा आंबा पेटीत घातला नव्हता. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

आपण उतरवला की वाडी उतरवणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ते घरोघर गेले आणि सांगून आले. मी गरजेपोटी काढतोय, मला पाइप घ्यायचाय, आंबा तयार नाही, तुम्ही थांबा. बागेच्या दगडी गडग्यापलीकडे राहणाऱ्या काकींना तर दोनदा सांगितलं. काकी सत्तरीच्या, एकट्या. अकरा झाडं, त्यावर त्यांचं वर्ष चालायचं.

लोकांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि बाबांची पाठ वळताच विचाराला लागले. पाइपासाठी कुणी कोवळा आंबा काढतो? भाऊंना, म्हणजे बाबांना, पावसाची चाहूल लागलेली दिसते. नाहीतर वाशीहून दलालाचा फोन असणार. आणि आजवर कधी उंबऱ्याला न आलेला माणूस थांबा म्हणून सांगायला येतो, त्याअर्थी थांबण्यात राम नाही. हे सगळं मला नंतर कळलं.

त्यावर बाबांनी कडी केली. पेट्या ठोकायचा दिवस आला तेव्हा आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी हातोडीला पोत्याचा तुकडा गुंडाळायला लावला. गडी ठोकतोय आणि ठण् ठण् ऐवजी नुसतं धप् धप्. एकेका खिळ्याला तिप्पट वेळ. मी पडवीत बसून पेट्यांत गवत भरत होते, मला हसू आवरेना. बाबा गंभीर चेहऱ्याने गड्याला म्हणत होते, "हळू मार."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एसटीतून उतरले तर फाट्यावर टेम्पोंची रांग. अख्ख्या वाडीचा आंबा भरला जात होता, सगळा हिरवाकच्च, सगळा एकदम. काकींच्याही पेट्या त्यात होत्या. आमच्या पेट्या त्या टेम्पोंच्या पुढे एक रात्र निघाल्या होत्या, पण वाशीला पोचून विकायला लागेपर्यंत मागचे येऊन ठेपले. एकाच भागातला एवढा कोवळा माल बघून घेणाऱ्यांनी हात आखडले. पट्टी आली ती अर्ध्याहून कमी भावाची. पाइपाचे पैसे आले नाहीत, आणि वाडीत कुणाचंच काही धड आलं नाही.

बाबा काकींकडे गेले. मी बरोबर गेले, कारण ते एकटे जायला कचरत होते, हे त्यांनी न सांगता मला कळलं. काकी अंगणात कोकमं वाळत घालत होत्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं.

बाबा म्हणाले, "काकी, मी दोनदा सांगितलं होतं ना थांबा म्हणून?"

"सांगितलात वो भाऊ. नाय कोण म्हनतंय?"

"मग का काढलात?"

"तुमी काढलात म्हणजे कायतरी असणारच ना." काकींनी एक कोकम उलटं केलं. "आणि पाइपाचंच हुतं तर हातोडीला पोतं कशाला गुंडाळलात?"

 काकींच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "ह्या वरसाला भागवीन कशीतरी," त्या म्हणाल्या, "पण पुढल्या खेपेला मला तरी खरं काय ता सांगा." बाबांनी मान डोलावली. खरं तेच सांगितलं होतं, हे पुन्हा सांगून उपयोग नव्हता. मला त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी उगाच काकींची कोकमं उलटी करू लागले.

परतताना आम्ही गडगा ओलांडला. मग बाबा म्हणाले, "तुझा तो शेठ. घर घ्यायला विकले म्हणालीस ना?"

"पेपरात तसं होतं."

"खरंच घेतलं असेल गो घर."

त्या आठवड्यात कलमांची सगळ्यात वरची रांग गेली, चौदा कलमं. बाबांनी ती उपटली नाहीत. उरलेल्या रांगा पानं गुंडाळून धरून होत्या, पण आठ दिवसांच्या वर नाही. सोमवारी सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून एसटीला माझ्याबरोबर उभे राहिले. "शेअर विकू या," एवढंच म्हणाले. हिशोब त्यांनी मनात केलेला होता. पडलेल्या भावातसुद्धा तीनशेचे एवढे येत होते की विहिरीवरचा जुना पंप वापरला तर पाइप वरपर्यंत जाईल. मुंबईहून नवऱ्याने फोनवर सांगितलं की आता एवढं थांबलात तर आणखी वर्षभर थांबा, भाव येईल. बाबा म्हणाले, "भाव येईल. कलमं थांबायची नाहीत."

ते हापिसात पहिल्यांदाच येत होते. मालकांनी खुर्ची दिली, मास्तरांनी अदबीने जागा करून दिली, कारण कागद सडत नाही असं सांगणारा हुशार सासरा तो हाच. बाबा माझ्या शेजारी बसून पडदा बघू लागले. एव्हाना त्या शेअरात फारसं कुणी उरलं नव्हतं. डावीकडे घेणाऱ्यांच्या जेमतेम चार ओळी, कुणी शंभर घेणारा, कुणी ऐंशी. उजवीकडे तुरळक. मी बाबांना दाखवलं, हे घेणारे, हा भाव.

"घाल," ते म्हणाले.

मी आकडा घातला आणि बटण दाबलं. वरची ओळ गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, चौथीतले थोडे घेतले गेले. भावाचा आकडा सव्वा रुपयाने खाली उतरला आणि लाल झाला.

"हे काय झालं?"

"भाव पडला, बाबा."

"कुणी पाडला?"

"तुम्हीच. घेणारे कमी होते ना, तुमचा माल तीन ओळी खाऊन खाली गेला."

बाबा चष्मा पुसून पुढे सरकले. ज्या माणसाचा आंबा वाशीच्या ढिगात कुठे जातो हे कुणाला दिसत नसे, त्याने मुंबईचा भाव हलवला होता. मला वाटलं त्यांना मजा वाटेल. तेवढ्यात उजव्या बाजूला नवी ओळ उमटली. कुणीतरी दोनशे विकायला काढले होते, बाबांच्याही खालच्या भावाला. मग त्याच्याखाली आणखी एक.

"हे कोण?" बाबांनी विचारलं.

"कुणास ठाऊक. कुठल्या तरी गावातलं कुणीतरी. भाव पडलेला बघून घाबरले असतील."

 मास्तर मागून म्हणत होते की विकलंत ते बरं केलंत, तुमचं बघून आम्हीही आज काढून टाकतो. बाबांनी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. पडद्यावरच्या त्या ओळींवर बोट ठेवून ते मला हळूच म्हणाले, "त्यांना सांग गो, मला फक्त पाइप घ्यायचा होता."

"सांगते," मी म्हटलं.